थोरल्यानं वाटायचं

बेळगुंदीत जमिनीच्या वाटणीची रीत अगदी सोपी होती. थोरल्यानं वाटायचं, धाकट्यानं उचलायचं. थोरला आपल्या अकलेनं वाटे पाडणार, धाकटे एकेक करून हवा तो वाटा उचलणार, आणि शेवटी उरेल तो वाटणाऱ्याचा. वाटणाऱ्यानं कुठं लबाडी केली तर ती त्याच्याच पदरात पडायची. ज्या कुणा पूर्वजानं ही युक्ती काढली त्याचे पाय धुऊन पाणी प्यावं. फक्त त्याच्या घरात जुळी पोरं नसावीत, एवढं मात्र खरं.

परशरामाच्या घरात ती होती. एकाचं नाव भावकू, दुसऱ्याचं भरमू. दोघांचं नाक, कान, चालणं, शिंकणंसुद्धा एकसारखं. बाप होता तोवर एका चुलीवर भागलं. बाप गेला आणि वर्षाच्या आत दोघी जावांचं मिठाच्या खड्यावरून जुंपायला लागलं. शेवटी भावकू म्हणाला, "येगळं हुया." भरमू म्हणाला, "हुया." त्यानंतर दोघांचं कशावरच एकमत झालं नाही.

कारण वाटणारा थोरला कोण, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सुईण कधीच मातीआड झाली होती, आईबापही. एरवी गावात जो तो मिशीला पीळ देऊन थोरलेपणा मिरवणारा. इथं पोराबाळांचे बाप झालेले दोन बाप्ये 'मी धाकटा, मी धाकटा' म्हणून चावडीत भांडत होते. धाकट्याला आधी उचलायला मिळतं ना! गाव पोट धरून हसलं.

भांडणाचं मूळ विहिरीत होतं. जमीन तीन तऱ्हेची. खाली ओढ्याकाठी भाताचं शेत, मध्ये विहिरीची पट्टी, वर माळ. विहीर भावकूनं खणलेली. उन्हाळ्यामागून उन्हाळे सुरुंग लावून, दगड खांद्यावरून काढून त्यानं पाणी लावलं होतं. त्या दिवसांत भरमू सायकलला दुधाचे हंडे बांधून पहाटे बेळगावला जायचा, कॅम्पात आणि शहरात रतीब घालायचा आणि त्या पैशावर घर खायचं. भावकूला एकच मुलगी, भरमूच्या घरात पोरांची पंगत. भावकू म्हणायचा, "इहीर माझ्या घामाची." भरमू म्हणायचा, "मग माझ्या पोरांनी काय माती खायाची?" दोघांचंही खरं होतं, आणि तीच अडचण होती.

या सगळ्यात घरातल्या आणखी एका माणसाचं नाव कुणी घेत नव्हतं. ती म्हणजे मालुबाई, जुळ्यांची बहीण. तिला निपाणीला दिली होती. नवरा तंबाखूच्या वखारीत कामाला. मानमोडीची साथ आली तेव्हा एकाच महिन्यात तिकडं तिचा नवरा गेला आणि इकडं तिची आई. मालू लुगड्याचं एक गाठोडं घेऊन माहेरी आली. दारात दोन पोरं एका फाटक्या घोंगड्यात बसलेली, नाकं वाहत होती आणि चूल थंड होती. ती आली ती राहिलीच. तिनं त्यांना न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं, त्यांची लग्नं लावली. गुळाचा खडा फोडला की दोन तुकडे करायची आणि म्हणायची, "एकानं फोडायचं, बाकीच्यांनी उचलायचं." दोघांनी आपापला तुकडा तोंडात टाकला की ती बोटं चाटायची. तिसरा तुकडा तिनं कधी केला नाही, आणि तो नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

शेजारणीनं एकदा भावकूला विचारलं, "आणि आक्काचं काय?"

"तिला काय झालंय? सा म्हैनं हिकडं, सा म्हैनं तिकडं," भावकू सहज म्हणाला.

मालू परड्यात भांडी घासत होती, तिनं ते ऐकलं आणि तिला भीती वाटली. निपाणीला तिची एक चुलत सासू अशीच दोन दिरांत वाटून दिलेली होती. त्या बाईनं मरेपर्यंत आपलं गाठोडं कधी सोडलं नाही. आज सोडायचं, उद्या बांधायचं, कशाला तो खटाटोप? मालूला ते गाठोडं रात्रंदिवस दिसायला लागलं. पण बोलणार कुणाला, आणि कशाच्या जोरावर? भाऊ वाईट नव्हते. ते तिला उपाशी ठेवणार नव्हते. फक्त त्या दोन घरांतलं एकही तिचं असणार नव्हतं.

बेळगावचे रघुवीर वकील भरमूच्या दुधाचं गिऱ्हाईक. भरमूनं त्यांच्या हातापाया पडून त्यांना पंच म्हणून बोलावलं. वकील आले ते आपल्या दोस्ताला, कॅम्पातल्या शाळेच्या गोपाळ मास्तरांना घेऊन, कारण त्यांना एकट्यानं वाद घालता येत नसे. हे दोघे म्हणजे एक अजब जोडी. रोज संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर बसून जगाचा न्याय कसा करावा यावर कडाकडा भांडायचे आणि मग एकाच सायकलवर डबलसीट घरी जायचे. शहरात लोक त्यांची टिंगल करत, पण अडल्यानडल्याचं काम फुकट करणारेही हेच दोघे.

रविवारी सकाळी परसातल्या फणसाखाली घोंगडं अंथरलं. गावातले चार जाणते आले, म्हातारा आण्णाप्पा काठी टेकत आला. मालूनं चहा केला आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

वकिलांनी दोघा भावांचं ऐकून घेतलं आणि सरळ भावकूची बाजू घेतली. भरमूचं दूध पीत असूनही घेतली, हे त्यांचं मोठेपण. ते म्हणाले, "हे बघ भरमू, माणूस मोकळा आहे असं म्हणायचं, तर त्याच्या हातांनी जे निर्माण केलं ते त्याचं राहू दे. आज भावाची विहीर काढून घेशील, उद्या दुसरा कोणी तुझी म्हैस नेईल. माझं ते माझं, हे ज्या राज्यात सांगता येत नाही तिथं सगळे गडीच."

मालूला ते पटलं. भावकूच्या पाठीवरचे दगडाचे वळ तिनंच हळद लावून बरे केले होते.

"वा, वकीलसाहेब!" गोपाळ मास्तर म्हणाले. "हा विहीर खणत होता तेव्हा याच्या ताटात भाकरी कुठून येत होती? दुधातून. मग त्या विहिरीत भरमूच्या सायकलचा घाम नाही? आणि त्याची लेकरं? त्यांनी कुणाचं काय घेतलंय? एकाला भरल्या घरात जन्म, एकाला रिकाम्या, यात कुणाची कर्तबगारी? माणसं सारखी धरायची तर त्यांची ताटंही सारखी हवीत."

मालूला तेही पटलं. भरमूची धाकटी दोघं तिच्याच कुशीत झोपायची.

मग दोघे पेटले. वकील म्हणत, सगळ्यांना जबरदस्तीनं सारखं करायला गेलात तर कुणी विहीर खणणारच नाही. मास्तर म्हणत, ज्याच्या पोटात भूक आहे त्याला तुमचं स्वातंत्र्य म्हणजे नुसती उपाशी मरायची मोकळीक. गावकरी माना इकडून तिकडे फिरवत होते. ऐकताना मालूच्या मनात काही तरी हलत होतं. आजवर तिला वाटायचं, न्याय म्हणजे सरकारच्या कचेरीतली वस्तू, उंच टेबलावर ठेवलेली. आज प्रथमच तो तिच्या परसात, फणसाखाली घोंगड्यावर बसला होता. ही शिकलेली माणसं आपल्या विहिरीबद्दल, आपल्या पोरांच्या ताटाबद्दल इतकं जीव तोडून बोलताहेत, याचंच तिला अप्रूप वाटत होतं.

शेवटी मास्तरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "मी वर्गात पोरांना एक कोडं घालतो," ते म्हणाले. "समजा, तुम्हाला एका गावाचे कायदे करायचे आहेत. त्या गावात तुम्ही जन्माला येणार आहात. पण पाटील म्हणून की गडी म्हणून, धडधाकट की पांगळे, बाई की बाप्या, हे तुम्हाला ठाऊक नाही. आता करा कायदे. अशा वेळी जो कायदा कराल तो न्यायाचा. कारण तुम्ही सगळ्यांत खालच्या माणसाचा विचार कराल. न जाणो, तो आपणच निघायचो."

वकील हसले. "गोपाळ, हे तुझं कोडं या गावानं कधीच सोडवलंय. थोरल्यानं वाटायचं, धाकट्यानं उचलायचं. वाटताना आपला वाटा कुठला ते ठाऊक नाही. झालं की! आणि यात जबरदस्तीही नाही. मला मान्य."

"मलाही मान्य," मास्तर म्हणाले, आणि दोघांचं एकमत झालेलं पाहून तेच दोघे जरा बावरले.

वकिलांनी भावांना विचारलं, रीत पाळणार का? दोघांनी रवळनाथाच्या नावानं मध्ये नारळ ठेवला. भावकू म्हणाला, "थोरलं वाटंल, धाकटं उचलंल. ह्यात बदल न्हाय." भरमूनंही नारळावर हात ठेवला. आणि गाडी पुन्हा जिथल्या तिथं आली.

"थोरला ह्योच," भावकू म्हणाला.

"मी कशाचा थोरला? थोरला तू," भरमू म्हणाला.

म्हातारा आण्णाप्पा खोकला. "आता आधी आला त्यो थोरला, का आधी शिरला त्यो थोरला? पिशवीत जे आधी घालावं ते मागनं निघतंय. आमची आजी सांगायची, जुळ्यांत मागनं येतंय तेच थोरलं." वकिलांच्या कायद्याच्या पुस्तकात पिशवीचा दाखला नव्हता.

मग भरमूला एकाएकी आठवलं. तो दाराकडं वळला. "आक्का, तू व्हतीस की तवा घरात. कोण आधी आलं गं?"

"व्हय, आक्का सांगंल," भावकू म्हणाला. "आक्का म्हणंल ते खरं. सांग आक्का, थोरलं कोण?"

मालूला सगळं आठवत होतं. ती दहा वर्षांची पोर, गरम पाण्याचं भांडं घेऊन परत आली तेव्हा सुपात दोन लाल गोळे शेजारी शेजारी रडत होते आणि सुईणीलाही सांगता येत नव्हतं कुठला आधीचा. तेच सांगायला तिनं तोंड उघडलं. पण तिच्या कानात भावांचं बोलणं घुमत राहिलं. आक्का सांगंल. आक्का म्हणंल ते खरं. दिवसातून शंभरदा ही हाक तिच्यावर येऊन आदळायची. आक्का, भाकरी दे. आक्का, पोराला घे. आक्का, थोरलं कोण? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली होती. आणि गावाचंच काय, ती स्वतःही तोच वळसा घालत होती.

चौकट सोडून ती दोन पावलं पुढं आली. सभेत बाईमाणूस पुढं आलेलं पाहून जाणत्यांनी माना वर केल्या.

"भावकू, मला तू काय म्हणून हाक मारतोस रं?" तिनं विचारलं.

"काय म्हणून म्हंजे? आक्का म्हणून."

"आणि भरमू, तू?"

"आक्काच की."

"आक्का कुणाला म्हणत्यात?"

भरमूच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं.

"परशरामाचं थोरलं मूल मी हाय," मालू म्हणाली. "तुमच्या दोघांत थोरलं कोण ते देवाला म्हाईत. पर ह्या घरात थोरलं कोण, ते तुम्ही रोज तोंडानं म्हणताय. नारळावर हात ठेवून बोललायसा, थोरलं वाटंल. मी वाटणार."

एक जाणता म्हणाला, "अगं, पोरीबाळींला कुठं वाटणी असती व्हय?"

"मी वाटणी मागितल्याली न्हाय. मी वाटणार म्हणालो," मालू म्हणाली. रागानं असो की भीतीनं, तिचा आवाज चढला होता. तिकडच्या बायका स्वतःला 'मी आलो, मी म्हणालो' म्हणतात. पण त्या दिवशी तो शब्द जाणत्यांच्या कानाला वेगळाच लागला. "रीत काय सांगती? धाकट्यांनी उचलल्यावर उरंल ते वाटणाऱ्याचं. रीत मी काडल्याली न्हाय."

भावकू वकिलांकडं वळला. "साहेब, कायदा काय म्हणतोय?"

रघुवीर वकील मालूकडं पाहत होते, आणि त्यांच्या नजरेत जे होतं त्याला कौतुक म्हणणंही थोडं होईल. "कायदा तुझ्या बहिणीला काही देत नाही," ते म्हणाले. "पण भावांनी आपखुशीनं दिलं तर कायदा त्यांचा हात धरत नाही. तुम्ही मोकळे आहात. नारळ तुमचा, जीभ तुमची. मी फक्त लिहून देईन."

गोपाळ मास्तर दर वर्षी कोडं घालताना 'बाई की बाप्या' हे शब्द सहज फेकून जात असत. आज त्या शब्दांना कुणीतरी धरलं होतं.

भावकू मान खाली घालून बसला. विहीर त्याला डोळ्यांसमोर दिसत असणार. भरमू मात्र नारळाकडं बघत होता, आणि बघता बघता त्याचे डोळे भरून आले. "आरं भावक्या," तो म्हणाला, "गुळाचा खडा आठवतोय? दोनच तुकडे असायचे बघ. आपून कधी इचारलं न्हाय."

भावकूनं तोंडावरून हात फिरवला. मग तो म्हणाला, "वाट, आक्का."

मालूनं चुलीतली राख टोपलीत भरली आणि ती निघाली. मागून सगळी मंडळी. आयुष्यभर दुसऱ्याच्या म्हणून तुडवलेली ती जमीन तिला तळपायानं ठाऊक होती. ओढ्याचं पाणी कुठं आधी उतरतं, माळावर रताळी कुठं गोड होतात, हे वेगळं शोधायला नको होतं. अवघड होतं ते निराळंच. एकेक रेघ मारली की ती थांबायची आणि मनात म्हणायची, हा वाटा भावकूकडं गेला तर? भरमूच्या पोरांकडं गेला तर? आणि मग, चोरी केल्यासारखी, माझ्याकडं उरला तर? दोनदा तिनं मारलेली रेघ पायानं पुसली. एकदा भावकूसाठी आणि एकदा, हे कबूल करायला तिला लाज वाटली, स्वतःसाठी. आपण आपल्यालाच कमी घालत होतो हे तिच्या ध्यानात आलं. ती सवय होती. पण वाटणाऱ्यानं स्वतःवर अन्याय केला तरी तो अन्यायच, आणि मुद्दाम कमी ठेवलेला वाटा चुकून कुणा भावानंही उचलला असता.

तीन वाटे पडले. प्रत्येकात थोडं भात, थोडा माळ, थोडी पट्टी. मग ती विहिरीच्या काठावर उभी राहिली.

"इहीर कुठल्याच वाट्यात न्हाय," ती म्हणाली. "पाणी पाळीनं. पर खणली भावकूनं, तवा पयली पाळी कायम त्येची. आणि फणस, आंबं कुणाच्या बी वाट्यात येऊ देत, फळं पोरांची. ज्येला जास्त पोरं, त्येच्या घरात जास्त जातील. त्येला इलाज न्हाय."

म्हातारा आण्णाप्पा खो खो हसला. वकिलांनी मास्तरांना कोपरानं ढोसलं, "बघ, पहिली पाळी खणणाऱ्याची." मास्तरांनी उलट ढोसलं, "आणि फळं पोरांची."

आता उचलायची वेळ आली. धाकट्यानं आधी, हा नियम. सकाळी 'मी धाकटा' म्हणून घसा फोडणारे दोघे भाऊ तीन वाट्यांवरून फिरले. खाली ओढ्यापर्यंत गेले, वर माळावर गेले, परत आले. भावकूनं माती चिमटीत घेऊन पाहिली.

"उचल की," तो भरमूला म्हणाला.

"तू उचल."

"धाकटा तू हायस न्हवं?"

"छ्या, धाकटा तू. मला कुठला बी चालतोय."

"मला बी," भावकू म्हणाला, आणि म्हणताना तोच चकित झाला.

गाव पुन्हा हसलं, पण हे हसू सकाळचं नव्हतं. शेवटी आण्णाप्पानं काठीनं एकाला ढकललं तेव्हा वाटे उचलले गेले. वरच्या अंगाचा, फणसाकडचा वाटा उरला. तो मालूचा.

लोक पुढं पुष्कळ दिवस म्हणत राहिले, दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. म्हणणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? पण त्यात लाभ नव्हता. जे आधीच तिचं होतं ते तिला उशिरा मिळालं होतं. मोठी होती ती तिची हिंमत. त्याच गावात कितीतरी आक्का होत्या, आणि त्यांना कुणी थोरलं म्हटलं नव्हतं.

वकील आणि मास्तर सायकलवरून परत निघाले ते भांडतच. वकील म्हणत होते, हा स्वातंत्र्याचा विजय, भावांनी आपखुशीनं दिलं. मास्तर मागच्या कॅरियरवरून ओरडत होते, हा समतेचा विजय. वेशीबाहेरच्या चढाला वकिलांना दम लागला तेव्हा मास्तर उतरले आणि म्हणाले, "रघुवीर, खरं सांग. आपण सकाळभर चौकटीकडं पाठ करून बसलो होतो ना?" वकील सायकलवरून उतरले. उरलेला चढ दोघे सायकल हातात धरून चालत गेले.

नांगरटीचे दिवस आले. मालूनं आपल्या वाट्यावर एक खोपट घातलं होतं. घरातून कुणी जा म्हटलं नव्हतं, पण निपाणीहून आणलेलं आपलं गाठोडं तिनं तिथं नेऊन सोडलं आणि त्याचं फडकं चुलीजवळ पोतेरं म्हणून टाकलं. एक दिवस सकाळी भरमू बैल घेऊन तिच्या बांधाशी आला आणि थांबला. पलीकडं त्याचा वाटा, मध्ये तिची जमीन. वर्षानुवर्षं तो याच वाटेनं बैल हाकत आला होता.

"आक्का," त्यानं हाक मारली, "तुझ्या रानातनं बैल घालू काय?"

मालू बी निवडत होती, तिचा हात थांबला. वय चाळिशीला आलेलं, पण बापानं, नवऱ्यानं, सासूनं, भावांनी तिला आजवर सगळं काही सांगितलं होतं, मागितलं होतं, आणलं होतं, नेलं होतं. घालू काय, असं कुणी विचारलं नव्हतं. बैल मान हलवत उभे होते, आणि भरमूही उभा होता, तिच्या हो म्हणण्याची वाट पाहत.

"घाल," ती शेवटी म्हणाली. "बांधाच्या कडंनं घाल मात्र."

"व्हय, आक्का," भरमू म्हणाला, आणि बैल त्यानं कडेनंच नेले.